पिकअपचा पॉवर स्टिअरिंग पंप घरीच बदलला, त्याची हकीकत

आमच्या पिकअपचं दुखणं दोन टप्प्यांत आलं. आधी नुसता आवाज. थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून घुंऽऽ असा सूर निघायचा, ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, स्टिअरिंग वळवलं की आणखी चढायचा, आणि गाडी तापली की जवळजवळ विरून जायचा. काही महिन्यांनी उलटंच सुरू झालं. सकाळी स्टिअरिंग ठीक, पण लांबचा पल्ला मारून आल्यावर गाडी जागेवर लावायला जावं तर ते वळेचना. किंचित रेस दिली की हलकं, सोडली की पुन्हा जड.

ही दोन लक्षणं मी मुद्दाम वेगवेगळी सांगते आहे. पंप गेला आहे एवढं दुसऱ्या लक्षणावरून कळतं. तो का गेला हे पहिल्यात होतं.

स्टिअरिंग हलकं करणारं दाबाचं तेल हा पंप पुरवतो. त्याच्या आत एक रोटर फिरतो. त्याला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत पोलादाची एक छोटी पाती सैल बसवलेली असते. बहुतेक पंपांत अशा १० पात्या. रोटर फिरला की पात्या बाहेर सरकतात आणि भोवतालच्या लंबगोल कड्याला टेकून फिरतात. दोन पात्यांमधला कप्पा मोठा होताना तेल ओढतो, लहान होताना तेच तेल दाबून पुढे ढकलतो. एका फेऱ्यात हे दोनदा होतं. सरळ रस्त्यावर तेल नुसतं फिरत असतं, दाब जेमतेम काही बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब). उभ्या गाडीचं स्टिअरिंग टोकाला नेलं की तोच दाब ८० ते १०० बारपर्यंत चढतो. एवढा दाब धरायचा तर पाती आणि कडं यांच्यात फट असून चालत नाही. कडं झिजलं की गरम होऊन पातळ झालेलं तेल आतल्या आत मागे निसटतं आणि स्टिअरिंग जड लागतं. रेस दिल्यावर पंप निसटणाऱ्या तेलापेक्षा जास्त तेल ढकलतो, म्हणून तेवढ्यापुरतं हलकं होतं.

थंडीतला आवाज मात्र ओढणाऱ्या बाजूचा असतो. थंड तेल घट्ट असतं. वाटेत कुठे अडथळा असेल तर पंपाला हवं तेवढं तेल मिळत नाही, तेलात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला गेल्यावर ते फुटतात. तो सूर या फुटण्याचा. असे असंख्य बुडबुडे धातूलगत फुटत राहिले की त्याचे सूक्ष्म कण उखडत जातात. म्हणजे आमचा पंप आधी उपाशी राहिला आणि मग झिजला. त्याला उपाशी कोणी ठेवलं ते न शोधता नवा पंप बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता.

माझा धाकटा भाऊ मदतीला होता. तो म्हणाला, "ताई, पंप खराब आहे हे दिसतंय ना, मग बदलून मोकळं होऊ. कारण कशाला शोधत बसतेस?" मी त्याला तेलाच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. लाल असायला हवं ते तेल काळपट तपकिरी झालं होतं, करपट वास येत होता, आणि बोटावर घेऊन चोळलं तर काळे मऊ कण लागत होते. धातू बोटाला असा लागत नाही. ते रबर होतं.

उघडण्याआधी खात्री करून घेतली. पंप फिरवणारा पट्टा ढिला असला तरी कर्कश आवाज येतो, पण तो किंचाळल्यासारखा असतो आणि पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की काही क्षण बदलतो. इथे तसं काही झालं नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं; आवाज पंपातूनच येत होता, शेजारचा अल्टरनेटर शांत होता. हे करताना केस आणि बाह्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवायच्या. मग पंप आणि दाबाची नळी यांच्या मधे प्रेशर गेज लावून, तेल तापवून, गेजची झडप क्षणभर बंद केली. ही झडप पाच सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवू नये, पंप स्वतःच तापून खराब होतो. काटा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबला. शंका उरली नाही.

कामाची सुरुवात सपाट जागेवर. मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक, पुढची बाजू जॅकने उचलून चासीखाली दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही, ही माझी अट असते आणि ती कुणासाठीही मोडत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हवेचा पाइप बाजूला केला. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो काढला आणि कागदावर चित्रही काढलं, कारण फोटोत मागची पुली दिसत नाही. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर लांब दांड्याने मागे ओढून पट्टा उतरवला. पट्टा निघालेला असतो तेव्हा बाकीच्या पुल्या हाताने फिरवून पाहायची संधी फुकट मिळते, ती सोडू नये. आमच्या सगळ्या गुळगुळीत फिरत होत्या.

टाकीतलं तेल मोठ्या सिरिंजने ओढून घेतलं, खाली पसरट ट्रे ठेवला आणि आधी परतीची नळी काढली, म्हणजे चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग बॉक्समधून तेल टाकीत परत आणणारी. तिची क्लिप सरकली, पण नळी आखडून बसली होती. ओढून काढण्यापेक्षा ती उभी चिरली, कारण नवी घालायचं आधीच ठरलं होतं. दाबाच्या नळीचा नट वेगळ्या जातीचा. त्याला साधा पाना लावला तर कोपरे गोल होतात. सहापैकी पाच बाजू धरणारा, नळीसाठी एका जागी कापलेला पाना मिळतो, तोच वापरला. नट सुटला की उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ टोप्या लावल्या. या कामात धूळ हाच खरा शत्रू आहे.

पंपाचे बोल्ट पुलीच्या मागे दडलेले. पुलीला मोठी भोकं असतात ती त्यासाठीच. एकेक भोक बोल्टसमोर आणायचं, त्यातून सॉकेट आत घालायचं. खालचा बोल्ट गंजला होता. गंज सोडवणारं तेल मारून थांबले, पुन्हा मारलं, पुन्हा थांबले. तो सुटेपर्यंत जोर लावला नाही. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधले आटे गेले तर काम दुप्पट होतं.

आता पुली. या कामात नवीन पंपाचा जीव बहुधा इथेच जातो. नवा पंप पुलीशिवाय येतो आणि जुनी पुली त्यावर चढवावी लागते. ती शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते, नट नाही, चावी नाही. पुली काढायचा पुलर वेगळा आणि बसवायचं हत्यार वेगळं. काढण्यापूर्वी मी व्हर्नियर लावून शाफ्टचं टोक पुलीच्या तोंडापासून किती आत आहे ते मोजून भिंतीवर खडूने लिहिलं. नवीन पंपावर पुली बरोबर तेवढीच आत जायला हवी. थोडीशी जास्त किंवा कमी गेली तरी पट्टा तिरका धावतो, कडा कुरतडल्या जातात आणि पुन्हा आवाज सुरू होतो.

बसवायच्या हत्याराचा बोल्ट शाफ्टच्या आतल्या आट्यांत शेवटपर्यंत जातो आणि बाहेरचा नट फिरवला की पुली शाफ्टवर ओढली जाते. सगळा जोर शाफ्ट आणि पुली यांच्यातच राहतो, पंपाच्या आतल्या भागांवर येत नाही. हातोडीने ठोकली तर प्रत्येक घाव शाफ्टमधून थेट रोटरवर आणि त्याच्या मागच्या प्लेटवर जातो. बाहेरून काही दिसत नाही, आणि पहिल्याच दिवशी नवा पंप जुन्यासारखा ओरडू लागतो. मग लोक म्हणतात, पंपच खराब निघाला. भावाने लाकडाचा ठोकळा ठेवून हळू मारूया असं सुचवलं तेव्हा मी त्याला साफ नाही म्हटलं. लाकडामुळे पुलीवर खूण उमटत नाही, इतकंच. घाव आत जायचा तो जातोच. आटे गुंतवताना हत्यार सरळ आहे ना ते दोनदा पाहिलं, शाफ्टला तेलाचं बोट लावलं आणि नट सावकाश फिरवला. मधेच घट्ट लागलं की थांबून पुली तिरकी तर जात नाही ना ते बघायचं.

नवा पंप गाडीत जाण्याआधी टाकी धुवायला घेतली आणि तिच्या तळाशी उत्तर सापडलं. टाकीच्या तळच्या तोंडाशी बारीक जाळी असते, पंपाकडे जाणारं तेल तिच्यातून गाळून जातं. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग काळ्या चिकट थराने लिंपला होता. चिरलेली परतीची नळी उलटी करून पाहिली. बाहेरून चांगली दिसत होती, पण आतलं अस्तर भेगाळून पापुद्रे सुटत होते. तेच पापुद्रे वर्षानुवर्षं जाळीवर येऊन बसले, जाळी बंद होत गेली, थंड घट्ट तेल तिच्यातून जाईना, आणि पंप बुडबुडे फोडत झिजला. साध्या रबरी नळीने पंप मारला. म्हणून सांगते, नळी घ्यायची ती याच तेलासाठी आणि उष्णतेसाठी बनवलेली असावी. पाण्याची किंवा पेट्रोलची नळी मापात बसते म्हणून लावली तर हेच पुन्हा होईल.

जुना पंप मी कामाच्या बाकावर उघडलाच. मागच्या झाकणाची कडी काढताना सांभाळून, कारण खाली स्प्रिंग असते. लंबगोल कड्याच्या आतल्या बाजूला आडव्या लाटा उठल्या होत्या, नखाला स्पष्ट लागत होत्या. शेजारच्या प्लेटवर कमानीसारखे चरे आणि दाबाच्या तोंडाजवळ सुईने टोचल्यासारखे खड्डे. ते खड्डे बुडबुड्यांचे, चरे कणांचे. भाऊ बराच वेळ ते कडं हातात धरून बघत होता. त्यानंतर त्याने कारण कशाला शोधतेस असं एकदाही विचारलं नाही.

बसवताना क्रम महत्त्वाचा. पंप बोल्टवर सैल लटकवायचा, दाबाच्या नळीचा नट बोटांनी चार-पाच आटे जाईल इतका फिरवायचा आणि मगच पंपाचे बोल्ट आवळायचे. आधी पंप घट्ट केला तर पोलादी नळी किंचित तिरकी राहते आणि नट आटे चुकून चढतो. नळीच्या टोकाची जुनी ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, निघाली आहे ना ते टॉर्च लावून बघितलं. ती कधीकधी भोकातच राहते आणि नवीन तिच्यावर बसली की गळती ठरलेली. नवी ओ-रिंग तेलात बुडवून लावली. बोल्ट आवळले ते जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला. पट्टा चढवण्याआधी टाकीत नवं तेल भरून पुली हाताने फिरवत राहिले, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. कोरडा पंप इंजिनच्या वेगाने फिरवला तर पहिल्या काही सेकंदांतच पात्या ओरबाडल्या जातात. तेल झाकणावर लिहिलेल्या जातीचंच. काही गाड्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल मागतात, काही वेगळं, आणि चुकीचं तेल सील फुगवतं किंवा कडक करतं.

पंप नवा, नळी नवी, जाळी स्वच्छ, पण स्टिअरिंग बॉक्समध्ये अजून जुनं घाण तेल होतं. ते टाकीत परत येऊन नवीन पंपात जाता कामा नये. म्हणून परतीची नळी टाकीला न जोडता एका पारदर्शक बाटलीत सोडली आणि टाकीचं ते तोंड रबरी बुचाने बंद केलं. चाकं अधांतरी, इंजिन बंद. भाऊ स्टिअरिंगवर बसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिला. बॉक्समधला दट्ट्या स्वतःच जुनं तेल बाहेर ढकलतो. मी वरून टाकीत नवं ओतत राहिले. इंजिन चालू ठेवून हे करा असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. इंजिनवर हा पंप मिनिटाला काही लिटर तेल फेकतो, टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते आणि पंप हवा धरतो. हाताने वेळ लागतो, पण टाकीची पातळी आपल्या ताब्यात राहते. बाटलीत आधी काळं आलं, मग तपकिरी, मग गुलाबीसर, आणि शेवटी टाकीत होतं तेच लाल.

इंजिन बंद असताना स्टिअरिंग फिरवून भावाचे खांदे भरून आले, आणि तेही चाकं उचललेली असताना. ही यंत्रणा मोठ्या गाड्यांच्या माणसाने का शोधली ते अशा वेळी कळतं. अमेरिकेतल्या पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस जड ट्रकांची स्टिअरिंग रोज पाहत होता. नोकरी सोडून त्याने स्वतंत्रपणे हे काम केलं आणि १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं. खासगी मोटारीत ते विक्रीला यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इंपीरियलमधून.

नंतर नळी जोडली आणि हवा काढायचं काम सुरू झालं. नवीन पंपावर उगाच आळ येतो तो याच टप्प्यावर घाई केल्यामुळे. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग पुन्हा टोकापासून टोकापर्यंत, हळू, टाकीचं झाकण उघडं ठेवून. टोकाला पोचलं की दाबून धरायचं नाही. प्रत्येक फेरीला बुडबुडे वर येतात, पातळी उतरते, ती भरायची. बुडबुडे थांबले की गाडी तशीच ठेवून चहापाण्याला जाण्याइतका वेळ द्यावा, कारण बारीक हवा तेलातून आपोआप वर यायला वेळ घेते. मगच इंजिन काही सेकंद सुरू करून बंद, पातळी बघून पुन्हा सुरू. तेलाला फेस आला, ते दुधट गुलाबी दिसू लागलं, तर हवा आत आहे. इंजिन बंद करून थांबायचं. त्या फेसावर इंजिन रेटत राहिलात तर हवा आणखी बारीक होऊन तेलात मिसळते. आमच्या टाकीत पहिल्यांदा फेस आलाच. थांबलो, तेल निवळू दिलं, पुन्हा फिरवलं. काही जड पिकअपमध्ये ब्रेकची मदतही याच पंपावर चालते. तिथे नळी सोडवण्याआधी इंजिन बंद करून ब्रेक अनेकदा दाबून साठलेला दाब मोकळा करावा लागतो आणि हवा काढतानाही ब्रेक दाबावा लागतो. आमच्या गाडीत ती भानगड नव्हती.

इंजिन चालू असताना गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवून. सांध्यावर हात फिरवायचा नाही. इतक्या दाबाची तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि जखम टिचभर दिसली तरी ते तातडीने डॉक्टरकडे जाण्याचं प्रकरण असतं.

चाकं जमिनीवर टेकल्यावर भावाने उभ्या गाडीत स्टिअरिंग एका हाताने वळवलं आणि काच खाली करून ओरडला, "ताई, हलकं झालं!" मी त्याला खरी परीक्षा उद्या आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडून उभी राहिले आणि त्याला चावी फिरवायला लावली. सूर नव्हता. दुपारी लांब फिरवून, तेल चांगलं तापवून आणली आणि रेस न देता जागेवर लावली. तिथेही जड नाही. पातळी गरम तेलाच्या खुणेला आणून ठेवली, पट्टा पुलीवर मधोमध धावतो आहे ना ते पाहिलं. जुनं तेल डब्यात बंद करून वापरलेलं तेल गोळा करतात तिथे दिलं. एवढं घाण तेल गटारात किंवा मातीत ओतणं मला मान्य नाही.

एक गोष्ट जादा केली. परतीच्या नळीत चुंबक असलेली छोटी गाळणी लावली, बाणाची दिशा टाकीकडे ठेवून. जुन्या पंपाचा जो चुरा स्टिअरिंग बॉक्सच्या कोपऱ्यांत अडकला असेल तो एकदा तेल काढून पूर्ण निघत नाही, दाब आला की नंतर सुटत राहतो. काही आठवड्यांनी ती गाळणी काढून करवतीने कापली. चुंबकावर राखाडी मलमासारखा पोलादाचा बारीक कीस होता, रबराचा एकही तुकडा नव्हता. तिच्या जागी दुसरी लावली आहे. तीही अशीच कापून बघणार. कीस कमी झालेला दिसला तर बॉक्सला हात लावणार नाही, तेवढाच निघाला तर पुढचं काम स्टिअरिंग बॉक्सचं.